नकाराची जागा : सार्वजनिक प्रेमयाचना आणि मराठी प्रेक्षकाची भूमिका

सारांश

चारचौघांसमोर प्रेम व्यक्त करणे हे धाडसाचे व निष्ठेचे लक्षण मानले जाते. अशा प्रसंगाचे वर्णन बहुधा विचारणाऱ्याच्या बाजूने होते. जिला किंवा ज्याला विचारले जाते, त्या व्यक्तीवर जमलेल्या लोकांचा जो दबाव येतो, त्याचा विचार समीक्षेत फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात ‘शोले’ (१९७५) या चित्रपटातील पाण्याच्या टाकीचा प्रसंग, विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे नाटक आणि नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ व ‘सैराट’ हे चित्रपट यांच्या आधारे या दबावाचे स्वरूप तपासले आहे. सार्वजनिक प्रेमयाचनेत प्रेक्षक हा साक्षीदार राहत नाही, तो एका बाजूचा पक्षकार बनतो आणि त्यामुळे नकाराची जागा आक्रसते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रेमयाचना, संमती, नकार, प्रेक्षक, जात, सार्वजनिक अवकाश, भिवंडी.

१. प्रस्तावना

मराठी समाजात विवाहासाठी ‘मागणी घालणे’ ही जुनी रीत होय. या रीतीत मध्यस्थ असे. तो एका घरचा निरोप दुसऱ्या घरी नेई आणि उत्तर परत आणी. उत्तर नकारार्थी असेल तर ‘पत्रिका जुळत नाही’ असे सांगण्याची सोय होती. पत्रिका खरोखर पाहिली गेली की नाही, हे कोणी विचारीत नसे. विचारणाऱ्याचा मान राहत असे आणि नाकारणाऱ्यालाही कारण द्यावे लागत नसे. ही रीत निर्दोष होती, असे मुळीच नाही. तो नकार घराचा असे, मुलीचा नसे. तिचे मत त्या निरोपात क्वचितच सामावलेले असे. तथापि नकारासाठी एक आडोसा हवा, ही जाणीव त्या रीतीत होती, हे नाकारता येत नाही.

आजच्या सार्वजनिक प्रेमयाचनेत हा आडोसा काढून घेतलेला दिसतो. महाविद्यालयाच्या प्रांगणात गुडघ्यावर बसून गुलाब देणे, स्नेहसंमेलनाच्या मंचावरून नाव घेऊन गाणे अर्पण करणे, मित्रांना मोबाईलवर चित्रण करायला सांगून अंगठी पुढे करणे, हे प्रकार आता सर्वपरिचित आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये सिडनीच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील एकदिवसीय सामना चालू असताना प्रेक्षागारात एका भारतीय तरुणाने ऑस्ट्रेलियन संघाची जर्सी घातलेल्या तरुणीला मागणी घातली. ते दृश्य थेट प्रक्षेपणात दाखवले गेले आणि मैदानातील एका खेळाडूने टाळ्या वाजवल्या. त्या तरुणीने होकार दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारतीय क्रिकेटपटू दीपक चहर याने सामना संपल्यावर अशीच मागणी घातली आणि तीही स्वीकारली गेली. असे प्रसंग आनंदाचे म्हणून प्रसारित झाले आणि त्यांत आनंद नव्हता, असे म्हणण्याला आधार नाही. तथापि प्रश्न त्या विशिष्ट जोडप्यांचा नाही. त्या क्षणी उत्तर ‘नाही’ असते, तर ते कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या तोंडावर द्यावे लागले असते, हा प्रश्न आहे. तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. संज्ञा आणि भेद

या विषयाची चर्चा करताना प्रथम भाषेची अडचण जाणवते. विचारणाऱ्यासाठी मराठीत प्रियकर, प्रेमिक, नायक असे शब्द आहेत. जिला विचारले जाते तिच्यासाठी ‘प्रेयसी’ हा शब्द वापरला जातो. वास्तविक तिने अद्याप काहीही उत्तर दिलेले नसते. म्हणजे शब्दानेच तिचा होकार गृहीत धरलेला असतो. ‘एकतर्फी प्रेम’ या शब्दप्रयोगाची स्थिती याहून गंभीर आहे. वृत्तपत्रांतून ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ असा मथळा वारंवार वाचायला मिळतो. नकार न सोसल्यामुळे झालेल्या हिंसेला तो मथळा प्रेमाच्याच सदरात बसवतो. त्यामुळे हल्लेखोराच्या कृतीमागे एक भावना उभी राहते आणि जिच्यावर हल्ला झाला तिच्यावर त्या भावनेला प्रतिसाद न दिल्याचा अस्पष्ट आरोप राहून जातो.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. दोघांनी मिळून जगाला सांगणे आणि जगाला समोर ठेवून दुसऱ्याला विचारणे, या दोन भिन्न कृती आहेत. पहिल्या कृतीत संमती आधी झालेली असते. लग्नातील उखाणा हे तिचे परिचित मराठी उदाहरण होय. ‘नाव घे, नाव घे’ असा आग्रह होतो, नववधू लाजते, अखेर नाव घेते. इथेही आग्रहाचा भार असतोच. परंतु विवाह ठरलेला असल्याने त्या क्षणी कोणताही निर्णय तिच्याकडून काढून घेतला जात नाही. दुसऱ्या कृतीत मात्र निर्णयच लोकांसमोर मागितला जातो. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय विवाह करणारे जोडपे आपले नाते उघडपणे सांगते, तेव्हा ते पहिल्या प्रकारचे धाडस असते आणि त्याचा सन्मानच झाला पाहिजे. व्हॅलेंटाईन दिनाला संस्कृतीच्या नावाने विरोध करणारे आणि जोडप्यांना हुसकावून लावणारे गट हा भेद करीत नाहीत. त्यांना प्रेम उघड होण्याचीच अडचण वाटते. प्रस्तुत विवेचनाचा रोख प्रेमावर वा त्याच्या प्रकटीकरणावर नसून उत्तर देण्याच्या स्वातंत्र्यावर आहे, हे येथे स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.

मराठी परंपरेत या स्वातंत्र्याची जाण असलेली उदाहरणे आढळतात. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त रुक्मिणी आपले मन पत्रातून कळवते. भावाने शिशुपालाशी ठरवलेला विवाह हा राजसभेचा, म्हणजे सार्वजनिक व्यवहार आहे. त्याच्या विरोधात तिने निवडलेले साधन मात्र खाजगी आहे. विश्वासू ब्राह्मणाच्या हाती दिलेले पत्र श्रीकृष्णाला विचार करण्यास अवधी देते. ज्या ग्रंथाचे पारायण उपवर मुलींनी करावे असा प्रघात पडला, त्या ग्रंथातील विनंती ही दाराआडची विनंती आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. याउलट सार्वजनिक नकाराची सर्वांत प्रसिद्ध कथा समर्थ रामदासांची आहे. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकताच ते मंडपातून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. पुरुषाने भर मंडपात दिलेला तो नकार वैराग्याचे प्रतीक ठरला. त्याच बोहल्यावरून एखादी वधू निघून गेली असती, तर तिची कथा कोणत्या सुरात सांगितली गेली असती, याची कल्पना करणे कठीण नाही.

३. टाकीवरचा नायक आणि खालचा जमाव

‘शोले’ हा हिंदी चित्रपट मराठी विवेचनात घेण्यास सबळ कारण आहे. त्यातील पाण्याच्या टाकीच्या प्रसंगाने मराठी भाषेला ‘वीरूगिरी’ हा शब्द दिला आहे. कोणी मागणीसाठी टाकीवर वा मनोऱ्यावर चढले की मराठी वृत्तपत्रे ‘शोले स्टाईल आंदोलन’ असा मथळा देतात. म्हणजे हा प्रसंग पडद्यावरून उतरून लोकव्यवहारातील एक पद्धत बनला आहे. म्हणूनच त्याची तपासणी आवश्यक ठरते.

प्रसंगाची मांडणी अशी आहे. वीरूच्या वतीने जय बसंतीच्या मावशीकडे मागणी घेऊन जातो. स्तुतीच्या आवरणाखाली तो मित्राचे जुगार, मद्यपान इत्यादी दुर्गुण सांगून टाकतो. मावशी नकार देते. हा नकार सर्वार्थाने विवेकी आहे. तो घरात आणि दोघांच्या संभाषणात दिला गेला आहे, आणि त्यामागे कारणे आहेत. त्यानंतर वीरू मद्यधुंद अवस्थेत टाकीवर चढतो आणि जीव देण्याची धमकी देतो. सारे रामगढ खाली जमते. आपण मेल्यावर पोलीस येतील आणि म्हातारीला तुरुंगात जावे लागेल, असेही तो सांगतो. गावकरी मावशीला विनवू लागतात. अखेर ती होकार देते आणि प्रेक्षागारात हशा पिकतो.

हा प्रसंग विनोदी आहे आणि विनोदाच्या दृष्टीने तो उत्तम साधला आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तरीही त्याची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. मावशीने दिलेली कारणे खोडून काढली जात नाहीत. वीरू जुगार सोडण्याचे वा कामधंदा करण्याचे वचन देऊन तिचे मन वळवत नाही. केवळ नकाराची किंमत वाढवली जाते. घरात दिलेला नकार मावशीला काहीच खर्चाचा नव्हता. टाकीखाली तोच नकार एका माणसाच्या मृत्यूच्या, पोलिसांच्या आणि गावाच्या रोषाच्या किमतीला पडतो. आणि ही किंमत वीरू एकटा वाढवू शकत नाही. गाव जमले नसते, तर टाकीवरचा मनुष्य काही वेळाने उतरला असता. जमाव हा या याचनेचा खरा आधार होय. जमलेल्यांपैकी कोणालाही आपण एका वृद्ध, निराधार स्त्रीवर दबाव आणत आहोत असे वाटत नाही. आपण जीव वाचवत आहोत, अशीच प्रत्येकाची भावना असते. सार्वजनिक याचनेचे बळ या सद्भावनेत आहे. दबाव आणणारा प्रत्येक जण स्वतःला दयाळू समजतो, त्यामुळे दबाव आणला गेला याची नोंद कोठेच होत नाही.

बसंतीचे मन वीरूकडे आधीच झुकलेले आहे, त्यामुळे येथे अन्याय झाला नाही, असा युक्तिवाद करता येईल. पटकथेने ही खबरदारी घेतली आहे हे खरे. परंतु लोकव्यवहारात जी गोष्ट उचलली गेली ती बसंतीची पूर्वसंमती नव्हे. उचलली गेली ती टाकी.

४. बेणारेबाईंची खाजगी विनंती

पुरुषाची सार्वजनिक याचना कौतुकाचा विषय ठरते. स्त्रीची खाजगी याचना सार्वजनिक झाली म्हणजे काय होते, हे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातून दिसते. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या आणि सुलभा देशपांडे यांच्या भूमिकेने स्मरणीय झालेल्या या नाटकाकडे मध्यमवर्गीय क्रौर्याचे, खेळातून उघड होणाऱ्या हिंसेचे नाटक म्हणून पाहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील साक्षींकडे वेगळ्या नजरेने पाहता येते.

हौशी नाट्यसंस्थेचे लोक प्रयोगासाठी एका गावी आले आहेत. वेळ घालवण्यासाठी खोटा खटला रचला जातो आणि शिक्षिका लीला बेणारे यांना आरोपी केले जाते. खेळ पुढे सरकतो तसा तो खरा होत जातो. पोंक्षे साक्ष देतो की, बेणारेबाईंनी आपल्यापुढे लग्नाचा प्रस्ताव मांडला होता. रोकडेच्या बाबतीतही तसेच घडल्याचे उघड होते. प्रा. दामले यांच्यापासून राहिलेल्या गर्भाला नाव मिळावे, यासाठी केलेली ही धडपड होती. या दोन्ही विनंत्या एकांतात, विश्वासाने केलेल्या होत्या. दोघांनाही नकार देणे सोपे गेले. त्यांच्यासमोर टाकी नव्हती, गाव नव्हते, टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते. बेणारेबाईंनी त्यांना नकाराची पूर्ण मोकळीक दिली होती. नंतर त्याच मोकळिकीचा उपयोग त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून केला जातो.

येथे एक विषमता स्पष्ट होते. पुरुष लोकांसमोर विचारतो तेव्हा ते त्याचे धैर्य मानले जाते आणि उत्तराची जबाबदारी स्त्रीवर येते. स्त्री एकांतात विचारते तेव्हा तो तिचा अपराध मानला जातो आणि तिच्या विचारण्याचीच सुनावणी होते. दोन्ही ठिकाणी जमलेले लोक पुरुषाच्या बाजूने उभे असतात. पुढे बेणारेबाई निघून जाऊ पाहतात, तेव्हा दाराची कडी बाहेरून लागलेली असल्याचे आढळते. काशीकरबाई त्यांना आरोपीच्या पिंजऱ्याकडे ओढून आणतात. दार कोणी हेतुपूर्वक लावलेले नाही, ही गोष्ट फार बोलकी आहे. जाण्याची वाट बंद करणारा कोणी खलपुरुष नाटकात नाही. वाट आपोआप बंद झाली आहे आणि उपस्थितांपैकी एकालाही ती उघडण्याची निकड वाटत नाही. सार्वजनिक याचनेच्या प्रसंगी मध्ये उभ्या असलेल्या व्यक्तीची अवस्था याहून फार वेगळी नसते. भोवतीचे कडे कोणी एकाने केलेले नसते, तरी ते ओलांडून जाणे अशक्य होते.

साक्षींच्या ओघात बेणारेबाईंची नोकरी जाणार असल्याची वार्ताही याच सभेत येते. अध्यापक वाचकांना हा तपशील विशेष जवळचा वाटावा. स्त्रीच्या खाजगी आयुष्याची सार्वजनिक चर्चा सुरू झाली की पहिला घाव तिच्या नोकरीवर किंवा शिक्षणावर बसतो, हा अनुभव शाळा-महाविद्यालयांना नवीन नाही.

५. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ : चौक कोणाचा?

आतापर्यंतच्या विवेचनात लोकांसमोर प्रेम व्यक्त करण्याची संधी सर्वांना समान असते, असे गृहीत धरले आहे. हे गृहीतक नागराज मंजुळे यांचे चित्रपट मोडून काढतात. ‘फँड्री’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे व्हॅलेंटाईन दिनीच प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्याला वर्गातील वरच्या जातीची शालू आवडते. त्याचे प्रेम संपूर्ण चित्रपटभर व्यापून आहे, पण ते तिला कधीही सांगितले जात नाही. तिच्यासाठी लिहिलेले पत्र तिच्यापर्यंत पोहोचत नाही. गावातील चौक जब्याचा नाही. तेथे तो उभा राहतो तो डुकरे पकडण्यासाठी. शालूच्या डोळ्यांदेखत डुकरामागे धावावे लागणे, हीच त्याच्या वाट्याला आलेली सार्वजनिकता आहे. ज्याला चौकात अपमानच मिळतो, त्याला चौकात गुलाब देण्याचा विचारही सुचत नाही. सार्वजनिक प्रेमप्रदर्शन हे ज्याच्या पाठीशी जमाव उभा राहील अशी खात्री असते, त्याचे साधन आहे. जात, वर्ग आणि लिंग यांवर ही खात्री अवलंबून असते.

तथापि जब्याच्या स्वप्नाकडेही भाबडेपणाने पाहून चालणार नाही. काळ्या चिमणीची राख एखाद्यावर टाकली की ती व्यक्ती वश होते, या समजुतीने तो रानोमाळ हिंडतो. ही इच्छा निरागस असली, तरी शालूला न विचारता तिचे मन मिळवण्याची ती इच्छा आहे. टाकी आणि राख ही दोन टोके आहेत. एकीत लोकांच्या बळाने होकार मिळवायचा असतो, दुसरीत मंत्राच्या बळाने. दोन्हींत समोरच्या व्यक्तीच्या मनाला वळसा घातला जातो. दिग्दर्शकाने जब्याच्या हाती राख येऊ दिली नाही, त्यामुळे शालूवर काहीही लादले जात नाही. मात्र शालूच्या मनात काय आहे, हेही चित्रपट सांगत नाही. सहानुभूतीने जब्याकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाला शालू निष्ठुर वाटते, विशेषतः ती हसते तेव्हा. परंतु तिला कोणी काही विचारलेलेच नाही. तिच्या हसण्यात जातीची क्रूरता आहे, प्रेमाचा नकार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.

‘सैराट’ (२०१६) मध्ये चित्र पालटते. परश्या आर्चीकडे टक लावून पाहतो, तिच्यामागे धावतो, विहिरीत उडी घेतो. हिंदी व मराठी चित्रपटांतील पाठलाग करणाऱ्या नायकाच्या परंपरेत हे सारे बसते. फरक पडतो तो आर्चीमुळे. ती मान खाली घालत नाही, नजर परत देते. ती बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते. तिला हवे तेव्हा आणि हवे तेथे ती उत्तर देते. परश्याच्या कृतीचा दबाव तिच्यावर येत नाही, कारण ती पाटलाची लेक आहे आणि सार्वजनिक अवकाश तिच्या घराण्याच्या मालकीचा आहे. नकार दिला असता, तरी तिच्या केसाला धक्का लागला नसता. म्हणूनच तिचा होकार हा खरा होकार वाटतो. नकाराची जागा असल्याखेरीज होकाराला अर्थ येत नाही, हे ‘सैराट’च्या पूर्वार्धाचे सार म्हणता येईल.

उत्तरार्धात तीच आर्ची घराण्याचे संरक्षण सोडून हैदराबादला येते, तेव्हा तिची ही जागा आक्रसते. संशयाने ग्रासलेला परश्या तिच्यावर हात उचलतो. पूर्वी तिच्या नजरेने बावरणारा मुलगा तिच्या आधारहीनतेत नवरा बनतो. ती निघून जाते आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने परत येते. चित्रपटाने तिच्यासाठी निघून जाण्याची वाट ठेवली आहे, हे येथे महत्त्वाचे. अखेरीस दोघांचा बळी घेणारे हात तिच्या माहेरचेच असतात. ज्या प्रतिष्ठेने तिला मोकळेपणा दिला, तीच प्रतिष्ठा तिच्या निवडीला शिक्षा देते. मुलीची निवड लोकांना कळणे म्हणजे घराण्याची अप्रतिष्ठा, अशी जेथे धारणा आहे, तेथे एखाद्याने परस्पर तिचे नाव चौकात घेणे ही प्रेमळ कृती राहत नाही. त्या नावाचे परिणाम तिलाच भोगावे लागतात.

६. भिवंडीचा संदर्भ

हे विवेचन भिवंडीसारख्या शहरात अधिक निकडीचे ठरते. यंत्रमागांच्या या शहरात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा या प्रदेशांतून आलेले कामगार दीर्घकाळ वस्ती करून आहेत. त्यांतील अनेक पुरुष कुटुंब गावी ठेवून येथे राहतात आणि सामायिक भिशीत जेवतात. साहजिकच वंजारपट्टी नाका, कल्याण नाका, धामणकर नाका येथील वर्दळ मुख्यतः पुरुषांची असते. महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी या वर्दळीतून वाट काढत येते. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी अनेक घरे मुलीला पदवीपर्यंत शिकवायचे की नाही, याचा निर्णय दर वर्षी नव्याने घेत असतात. अशा घरातील मुलीसमोर प्रांगणात कोणी गुडघ्यावर बसला आणि त्याचे चित्रण मोबाईलवरून घरापर्यंत पोहोचले, तर तिने होकार दिला की नकार, हा प्रश्नच गौण ठरतो. तिचे नाव घेतले गेले, एवढेच पुरेसे होते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींची स्मृती बाळगणाऱ्या या शहरात दोन समाजांतील तरुण-तरुणींच्या बाबतीत ही गोष्ट आणखी नाजूक होते. येथे जमाव हा शब्द निरुपद्रवी नाही.

जवळच्या उल्हासनगरात १९९० साली दहावीची परीक्षा देत असलेल्या विद्यार्थिनीला परीक्षा केंद्रात शिरून जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे महाविद्यालयात निघालेल्या तरुण अध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले. आठवडाभराने तिचा मृत्यू झाला आणि २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. गुलाब आणि आग यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. चौकात गुलाब देणारा बहुतेक तरुण मनाने हिंसक नसतो. परंतु दोन्हींच्या मुळाशी एक समान गृहीतक असू शकते. प्रेम पुरेसे उत्कट असेल तर होकार हा त्याचा हक्कच आहे, हे ते गृहीतक होय. चित्रपट, गाणी आणि टाळ्या यांतून हे गृहीतक रुजते. ते रुजत असताना कोणीच विरोध केला नाही, तर पुढे न्यायालयालाच ते मोडावे लागते.

कायद्याने ते मोडण्याचा प्रयत्न केला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत पाठलागाचा स्वतंत्र गुन्हा ३५४-ड या कलमाने आणला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शवूनही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर हा गुन्हा घडतो. २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कोणीही स्त्रीला प्रेम करण्यास भाग पाडू शकत नाही आणि नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, असे स्पष्ट केले. उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम असून त्यांच्या कक्षेत विद्यार्थीही येतात. परंतु कायद्याची सुरुवात ‘स्पष्ट अनिच्छे’पासून होते आणि सार्वजनिक याचना नेमकी तीच अनिच्छा उच्चारणे अवघड करते. दोनशे जणांसमोर गोंधळून हातात घेतलेले फूल पुढे ‘तिने तर घेतले होते’ असा पुरावा बनते. म्हणजे कायदा जेथे सुरू होतो, त्याच्या अलीकडचा प्रदेश हा संस्कृतीचा, शिक्षणाचा आणि समीक्षेचा आहे.

या विवेचनात विचारली जाणारी व्यक्ती बहुतांशी स्त्री मानली आहे. पुरुषावर असा दबाव येतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. लोकांसमोर विचारला गेलेला लाजाळू मुलगाही कोंडीत सापडतो आणि त्याचा नकार हा त्याच्या पुरुषत्वावरील शंका बनतो. मात्र नकारानंतर त्याचे शिक्षण थांबवले जात नाही आणि त्याच्यासाठी रातोरात स्थळ पाहिले जात नाही. फरक परिणामांत आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(१) सार्वजनिक प्रेमयाचनेत प्रेक्षक तटस्थ नसतो. टाकीखालील गाव आणि खोट्या खटल्यातील मंडळी यांच्यात वृत्तीचा फरक असला, तरी दोन्ही ठिकाणी त्यांच्या उपस्थितीनेच मधल्या व्यक्तीची वाट बंद होते.

(२) सार्वजनिक धैर्य हे सर्वांना सारखे उपलब्ध नसते. वीरूला जे करता येते ते जब्याला करता येत नाही आणि बेणारेबाईंना तर एकांतातही करता येत नाही.

(३) होकाराचे मूल्य नकाराच्या शक्यतेवर अवलंबून असते. आर्चीचा होकार मराठी प्रेक्षकाला इतका भावला, त्याचे एक कारण तिला नकार देता आला असता, हे होय.

(४) वर्गात कादंबरी, नाटक वा चित्रपट शिकवताना प्रेमप्रसंगाला तीन साधे प्रश्न विचारता येतील. तिला निघून जाता येत होते का? ‘नाही’ म्हटल्यास किंमत कोणी मोजली असती? पाहणारे कोणाच्या बाजूने उभे होते? हे प्रश्न कलाकृतीचा आस्वाद कमी करीत नाहीत. मावशी, शालू, बेणारेबाई या व्यक्तिरेखा त्यांमुळे अधिक पूर्णपणे दिसू लागतात.

स्नेहसंमेलन, गुलाब दिन यांसारख्या कार्यक्रमांची आखणी अध्यापकांच्याच देखरेखीखाली होते. पहिल्या रांगेत तेच बसलेले असतात आणि पुढे तक्रार निवारण समितीतही तेच असतात. मंचावरून एखाद्या मुलीचे नाव पुकारले जाते आणि सभागृहात टाळ्यांचा गजर होतो, तेव्हा पहिल्या रांगेतील हात काय करतात, याकडे मागच्या रांगांचे लक्ष असते. त्या मुलीला काय उत्तर द्यायचे ते तिचे तिने ठरवावे. ते नंतर, शांतपणे आणि कोणाच्याही देखत नव्हे, असे तिला देता यावे, एवढी व्यवस्था मात्र महाविद्यालयाला करता येण्यासारखी आहे.